अर्बाना-शँपेनच्या मराठी मंडळींना खुलं पत्र: लेझीम झाली, आता जरा बसून बोलूया का?

इलिनॉय युनिव्हर्सिटीतल्या नव्या-जुन्या सगळ्या पोरापोरींनो,

ऑगस्टमध्ये दोन बॅगा, एक कुकर आणि आईने कोंबलेले मेतकूट-भाजणीचे डबे घेऊन उतरलेल्यांनो, आणि माझ्यासारखे इथेच मुक्काम ठोकून बसलेले पीएचडीवाले म्हातारे हो, हे पत्र तुम्हा सगळ्यांनाच आहे. ग्रुपवर टाकलं असतं तर "कोणाकडे जास्तीची गादी आहे का" आणि "शनिवारी ओहेअर एअरपोर्टला राइड पाहिजे" यांच्यामध्ये कुठेतरी वाहून गेलं असतं, म्हणून असं उघड लिहितोय. मी सॉइल सायन्सवाला आहे, सहावं वर्ष चालू आहे, थोडक्यात मातीत गेलेला माणूस आहे, त्यामुळे भाषेकडून फार अपेक्षा ठेवू नका.

गेल्या गणपतीच्या कार्यक्रमाची आठवण काढतो. चौदा जणांची लेझीम, मग कोळीगीत, मग दोघींची लावणी, शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून आणलेले फ्रोझन मोदक. हॉल भरला, टाळ्या पडल्या, सगळं छान झालं, मी स्वतः दुसऱ्या रांगेत होतो आणि ताल दोनदा चुकवला. नंतर एक मुलगी मोदक हातात धरून आपल्यापाशी आली आणि तिने विचारलं की ती लेझीम, ती झांजांची काठी, ती मुळात कशासाठी, कोण खेळतं. आपण चार-पाच जण उभे होतो. कोणीतरी म्हणालं, "इट्स अ ट्रॅडिशनल डान्स." ती म्हणाली ओके. मग फोटो काढायला हाक आली आणि आपण पळालो. तालमीतली कसरत, शाळेतली सव्वीस जानेवारीची ड्रिल, मिरवणुकीत ढोलाच्या पुढे दोन रांगा, हे सगळं आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहे, पण तोंडातून एक वाक्य निघालं आणि तेही कुठल्याही देशाच्या कुठल्याही नाचाला चालेल असं. मला त्या रात्री झोप लागली, खोटं कशाला बोलू, पण सकाळी ते आठवलं आणि अजून आठवतं.

तर मुद्दा नेव्हाडा स्ट्रीटचा आहे. तुम्ही रोज तिथून जाता. एका रांगेत आणि समोरासमोर युनिव्हर्सिटीची सांस्कृतिक केंद्रं असलेली घरं आहेत, एशियन अमेरिकन कल्चरल सेंटर, नेटिव्ह अमेरिकन हाउस, लॅटिनो मुलांचं ला कासा, ब्रूस नेस्बिट आफ्रिकन अमेरिकन सेंटर. आपल्याला त्यातलं काय माहीत असतं तर हॉल कुठे फुकट मिळतो, मायक्रोवेव्ह कुठे आहे आणि दुपारी बारा वाजता कुठे जेवण असतं. जेवण असतं हे खरं आहे, मीही पहिलं वर्ष त्याच्यावरच काढलं. पण त्या जेवणासोबत एक तास गप्पा असतात आणि आपण प्लेट भरून मागच्या दाराने सटकतो, हे त्या लोकांना दिसत नाही असं समजू नका.

ही घरं कुणी प्रेमाने बांधून दिलेली नाहीत. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंगच्या खुनानंतर इथल्या ब्लॅक विद्यार्थ्यांनी रेटा लावला आणि युनिव्हर्सिटीने प्रोजेक्ट ५०० म्हणून कार्यक्रम काढला, त्यातून पाचशेच्या वर ब्लॅक आणि लॅटिनो मुलं एकदम कॅम्पसवर आली. आली तर खोल्यांचा घोळ, स्कॉलरशिपचं सांगितलेलं एक आणि हातात दुसरंच. सप्टेंबरमध्ये एका रात्री ती इलिनी युनियन या विद्यार्थ्यांच्या इमारतीत जमली आणि हटेनात, पोलिसांनी सुमारे अडीचशे जणांना पकडून नेलं. हो, तीच इलिनी युनियन, जिथे आपण सोफ्यावर पाय पसरून झोपतो. पुढच्याच वर्षी, १९६९ ला, आफ्रिकन अमेरिकन सेंटर सुरू झालं. ला कासा १९७४ चं, तिथे ऑस्कर मार्टिनेझ नावाच्या विद्यार्थ्याने भिंती रंगवून टाकल्या आणि ती भित्तिचित्रं लोकांनी पुढे जपली. नेटिव्ह अमेरिकन हाउस २००२ चं, आणि आपल्या नावाने जे चालतं ते एशियन अमेरिकन सेंटर २००५ ला उघडलं, तेसुद्धा आधीच्या पोरांनी कित्येक वर्षं डोकं खाल्ल्यावर. त्यात आपलं, म्हणजे एमएस करून दोन वर्षांत सटकणाऱ्यांचं, योगदान जवळपास शून्य. आपण आयत्या बिळात आलोय.

आता माझा मूर्खपणा सांगतो, म्हणजे तुम्हाला बोलायला मला तोंड राहील. पहिल्या वर्षी नेटिव्ह अमेरिकन हाउसमध्ये सूपसाठी रांगेत होतो. वाढणाऱ्या बाईंनी कुठून आलास विचारलं आणि मी, हुशारी दाखवायला, म्हणालो, "आय ॲम द रिअल इंडियन!" मला वाटलं हसतील. बाईंनी पळी हातात तशीच धरून माझ्याकडे बघितलं, सूप वाढलं आणि पुढच्याला हाक मारली. बस एवढंच. कोणी काही बोललं नाही, लेक्चर दिलं नाही. माझ्या अंगावर तेव्हा काय होतं? रूममेटने ग्रीन स्ट्रीटवरून स्वस्तात आणलेला, पिसांचा टोप घातलेल्या चेहऱ्याचा केशरी टी-शर्ट. मला वाटायचं टीमचा लोगो आहे, आहे झालं.

तो चीफ इलिनिवेक, युनिव्हर्सिटीच्या टीमचं जुनं प्रतीक. १९२६ पासून २००७ पर्यंत मॅचच्या मध्यंतरात एक विद्यार्थी, बहुतेक वेळा गोरा, चामड्याचा पोशाख आणि पिसांचा टोप घालून मैदानात नाचायचा. १९८९ च्या सुमारास शार्लीन टीटर्स नावाची स्पोकेन जमातीची बाई इथे आर्टमध्ये शिकत होती, ती पोरांना घेऊन बास्केटबॉलची मॅच बघायला गेली, तो नाच बघून पोरं खुर्चीत अशी आक्रसून गेली की ती पुढे स्टेडियमच्या बाहेर हातात पाटी घेऊन उभी राहिली. एकटी. लोक तिला काय काय बोलले असतील कल्पना करा. शेवटचा नाच २१ फेब्रुवारी २००७ ला झाला, म्हणजे अठराच्या वर वर्षं गेली. दुसऱ्याची पूजेची गोष्ट नाचवून टाळ्या घेतल्या तर त्या दुसऱ्याला काय वाटतं, हे आपल्याला कळायला खरं तर जड जायला नको, कारण चपलांवर किंवा बियरच्या बाटलीवर गणपती छापला की आपल्या ग्रुपवर पाच मिनिटांत पिटिशन फिरतं. तो टी-शर्ट मी टाकून दिला. तुमच्यापैकी तिघांकडे अजून आहे, मी बघितलाय.

बरं, त्या दुपारच्या चर्चा म्हणजे फार भारी काही असतं असं पण नाही. काही इतक्या रटाळ असतात की बास. कधी कधी सगळेच एकमेकांशी सहमत असतात, रंगीत चिकट कागदावर एकेक शब्द लिहून भिंतीला लावायला सांगतात, नवीन माणसाला अर्धे शब्द कळत नाहीत आणि विचारायची लाज वाटते. मी दोनदा डुलक्या काढल्यात. पण एक गोष्ट मला तिथे आवडली. आपल्याकडे व्याख्यान म्हणजे वक्ता दीड तास बोलणार, मग आभारप्रदर्शन, मग चहा. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ ला वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपला ऐकायचा रियाज जबरदस्त आहे, आपण कितीही ऐकू शकतो. इथे मात्र बोलणारा वीस मिनिटं बोलतो, नंतर खुर्च्या गोलात ओढतात आणि तुझं काय म्हणणं आहे असं थेट तुलाच विचारतात. तोंडात भात असला तरी. पहिल्यांदा मला घाम फुटला होता.

अशाच एका दुपारी, नेस्बिट सेंटरमध्ये, माझ्या शेजारी इतिहासात पीएचडी करणारी एक ब्लॅक मुलगी बसली होती. तिने विचारलं भारतात कुठे शिकलास. मी म्हणालो राहुरी, मग सवयीने पूर्ण नाव सांगितलं, महात्मा फुले कृषी विद्यापीठ. ती थांबली. म्हणाली, फुले म्हणजे जोतिराव फुले? ज्यांनी पुस्तक आम्हाला अर्पण केलं ते?

मी चार वर्षं त्या गेटमधून आत गेलोय. प्रत्येक फॉर्मवर मफुकृवि लिहिलंय. ११ एप्रिलला पुतळ्याला हार घालून झाला की पेढा खाल्लाय. आणि फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामी नष्ट करायला झटलेल्या भल्या लोकांना अर्पण केलं होतं, हे मला शाळेत एका ओळीत कुठेतरी येऊन गेलं असेल, पण ते असं समोर बसलेल्या माणसाशी जोडलेलं आहे हे डोक्यातच नव्हतं. गुलामी बंद करणारी इथली घटनादुरुस्ती १८६५ ची, म्हणजे पुण्यात बसलेल्या माणसाला आठ वर्षांत त्या बातमीत आपल्या माणसांची सुटका दिसली. ती दुरुस्ती सगळ्यात पहिली मंजूर करणारं राज्य हे आपलं इलिनॉयच, आणि लिंकन वकिली करायचा तेव्हा कोर्टाच्या फेरीत या अर्बानाला यायचा. मक्याच्या शेतात बसून मला हे सगळं एका प्लास्टिकच्या खुर्चीवर कळलं.

पण गंमत पुढे आहे. मी जरा फुशारलो, म्हणालो बघ आमचा माणूस किती पुढचा. तर ती म्हणाली, हो, पण भले लोक म्हणजे कोण? गुलामी काय फक्त भल्या गोऱ्यांनी मोडली? यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यात १,८०,००० च्या आसपास ब्लॅक सैनिक लढले, हजारो गुलाम मळ्यांवरून पळून आले, ते फुल्यांच्या त्या लोकांमध्ये धरायचे की नाहीत? मला उत्तर आलं नाही. मी म्हणालो इतक्या लांबून, बोटीने येणाऱ्या पुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांतून जेवढं पोचलं तेवढ्यावर त्यांनी लिहिलं असेल, पण हे मी त्यांची बाजू सावरायला बोललो, मला माहीत म्हणून नाही. भात गार झाला. आम्ही दोघं दोन वाजेपर्यंत बसलो होतो, माझी लॅब मीटिंग बुडाली.

तिच्याकडे आणखी एक गोष्ट होती, फोनमध्ये, स्कॅन केलेली. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या ब्लॅक अमेरिकन विचारवंताला लिहिलेलं पत्र. अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांनी युनोकडे अर्ज दिलाय असं वाचलं, आम्ही अस्पृश्य लोकही तसाच विचार करतोय, तुमच्या अर्जाच्या प्रती मिळतील का, असा त्यातला मजकूर. साधं कामाचं पत्र, दोन-चार परिच्छेदांचं. ड्यू बॉइसनी त्याच वर्षी जुलै महिन्यात उत्तर दिलं. हे कागद आज मॅसॅच्युसेट्सला ॲमहर्स्टच्या युनिव्हर्सिटीत आहेत आणि ऑनलाइन कुणालाही दिसतात. मग तिने मला विचारलं की दलित पँथरबद्दल सांग. मी सांगितलं, १९७२, मुंबई, नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलेलं. तिने फ्रेड हॅम्प्टनचं सांगितलं, इलिनॉयच्या ब्लॅक पँथरचा पुढारी, शिकागोत ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी घरात घुसून मारला, वय २१. एकवीस. आपल्यातल्या नव्या बॅचपेक्षाही लहान. आपण शिकागोला बीन नावाचं ते चकचकीत शिल्प बघायला जातो आणि मोदक आणायला.

आता नाजूक विषय. मागे सेंटरमध्ये जातीवर चर्चा ठेवली होती तेव्हा काय झालं ते तिथे होतो त्या सगळ्यांना ठाऊक आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ च्या जानेवारीत भेदभावविरोधी नियमात जात घातली, सिएटलने २०२३ ला कायदा केला, कॅलिफोर्नियाचं विधेयक गव्हर्नरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परत पाठवलं, एवढी माहिती बोलणाऱ्याने सांगितली आणि खुर्च्या गोलात आल्या. आपल्यातले दोघं फोन आल्यासारखं करून उठले ते आलेच नाहीत. एक जण म्हणाला की आमच्याकडे आता जात वगैरे काही राहिली नाही. त्याच्या शेजारी एक मुलगी बसली होती, आपल्यातलीच, मराठवाड्यातली, ती पूर्ण तासभर काही बोलली नाही, प्लेटमधला एकच घास इकडून तिकडे करत होती. बाहेर पडताना मला म्हणाली, दादा, पहिल्याच आठवड्यात अपार्टमेंट शोधताना मला आडनाव दोनदा विचारलं होतं, आपल्याच लोकांनी. मी काय बोलणार होतो. मीसुद्धा नव्या पोरांना आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, आणि स्वतःला सांगतो की ओळख काढतोय.

म्हणून मला वाटतं, या घरात आपण नाच घेऊन जातो ते सोपं पडतं म्हणून. नाचाला कोणी उलट प्रश्न विचारत नाही. लेझीम बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, लेझीम पाहिजेच, मी यंदा ताल चुकवणार नाही. पण लेझीम संपल्यावर निदान पंधरा मिनिटं खुर्च्या ओढून बसायची तयारी ठेवा.

भीतीचंही बोलतो, कारण ती खोटी नाही. २०२५ च्या वसंतात देशभर इतक्या परदेशी विद्यार्थ्यांचे सेविस रेकॉर्ड, म्हणजे सरकार ठेवतं त्या नोंदी, अचानक रद्द झाले तेव्हा माझ्या आईने रोज फोन करून "कुठल्या मोर्चाबिर्च्यात जाऊ नको" असं बजावलं होतं. ज्याला व्हिसाची धाकधूक आहे त्याने फोटोत येऊ नये, नाव देऊ नये, नुसतं येऊन जेवावं, त्याला कोणी डरपोक म्हणालं तर मला सांगा. पण दुसरी बाजू पण बघा. युटाहमध्ये विविधतेच्या (डीईआय) कार्यक्रमांविरुद्ध कायदा आला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात युनिव्हर्सिटी ऑफ युटाहने ब्लॅक कल्चरल सेंटर बंद केलं. टेक्ससमध्ये त्याच वर्षाच्या सुरुवातीला तसाच कायदा लागू झाला आणि ऑस्टिनच्या मोठ्या युनिव्हर्सिटीतलं मल्टिकल्चरल सेंटर गेलं. तिथे शिकणाऱ्या आपल्या मित्रांनी ही घरं आतून बघायच्या आधीच त्यांना कुलूप लागलं. आपल्याकडची चारही उघडी आहेत, आणि तिथल्या कार्यक्रमांना आपल्या फीमधून जाणारे पैसे पण लागतात, म्हणजे बिल भरून जेवायला न जाण्यातला हा प्रकार आहे.

माझं मागणं एकच आहे. इथे एशियन अमेरिकन महिना खरा मे मध्ये असतो, पण मे मध्ये कॅम्पस रिकामा होतो म्हणून बऱ्याच ठिकाणी तो एप्रिललाच उरकतात. एप्रिल म्हणजे ११ ला फुले, १४ ला बाबासाहेब. आणि ११ एप्रिल २०२७ ला फुल्यांच्या जन्माला २०० वर्षं पूर्ण होतात. मी कॅलेंडर बघितलं, रविवार आहे, म्हणून १४ तारखेचा बुधवार धरू. दुपारचे बारा. आपल्या सेंटरमध्ये न ठेवता नेस्बिट सेंटरवाल्यांना विचारू की तुमच्यासोबत ठेवायचं का, ते हो म्हणाले तर त्यांच्याकडे, नाही म्हणाले तर आपल्याकडे. स्लाइड्स नकोत. अर्पणपत्रिका आणि ती दोन पत्रं, तीन पानं छापायची, मोठ्याने वाचायची आणि त्या मुलीचा प्रश्न मधे ठेवायचा, भले लोक म्हणजे कोण. ती तोपर्यंत पदवी घेऊन गेलेली असेल, पण प्रश्न वापरायला तिने परवानगी दिली आहे. पोवाडा कोणाला येत असेल तर सुरुवातीला पाच मिनिटं, पण मग म्हणणाऱ्यानेच नंतर बसून सांगायचं की हे काय होतं. "ट्रॅडिशनल साँग" म्हणाला तर त्याला भांडी घासायला लावणार.

मराठवाड्यातल्या त्या मुलीला मी विचारलं, येशील का. ती म्हणाली बघू, बोलणार नाही, वाचून दाखवेन. चालेल म्हणालो.

जेवणाचं मी बघतो. पिठलं-भात आणि ठेचा, साठ जणांचं, ठेचा वेगळ्या वाटीत आणि वर तिखट असल्याची चिठ्ठी. फोडणी घरूनच देऊन आणू, कारण त्या किचनमधला अलार्म हिंगाला सुद्धा वाजतो, मागच्या वेळी अग्निशमनची गाडी आली होती आणि दीडशे माणसं थंडीत बाहेर उभी होती. मंगळवारी रात्री कांदा चिरायला दोन जण आणि मोठं पातेलं पाहिजे. पातेलं कोणाकडे आहे ते ग्रुपवर टाका, गादीच्या मेसेजच्या खाली.

तुमचा,
मातीवाला दादा, राहुरी